खुब्याची वाटी

हेळवी आला तेव्हा मी माहेरी होते, निलंग्याला,
मांडीवर नववीच्या एकोणचाळीस वह्या.
प्रत्येकीत तेच:
पाल, सरडा, साप, घोरपड, कासव, मगर, हा एक वर्ग.
पक्ष्यांचा वेगळा. मध्ये दुहेरी रेघ.
रेघ फळ्यावर मीच मारली होती,
पुस्तकात होती म्हणून.

शिवलिंगप्पाचा बाप बैलावरून यायचा,
हा फटफटीवरून येतो.
चोपडी मात्र तीच, लाल फडक्यातली,
आधी मोडी, मग कानडी, मग बॉलपेन.
दादाने पाचशेची नोट ठेवली
आणि तो एका दमात वाचू लागला:
माणकोजीचा केरबा, केरबाचे तीन,
थोरल्याला मूलबाळ नाही,
धाकटा एका दुष्काळात औशाकडे गेला, त्याचं कूळ निराळ्या पानावर,
मधला हणमंत, हणमंताचा ग्यानबा,
ग्यानबाचा विश्वंभर, विश्वंभराची दोन.
"पुढचं काही? लिहून घेतो."

अप्पा, म्हटलं, चंद्रभागा कुठाय?
ग्यानबाची बहीण, मुखेडला दिलेली.
आणि मी?
तो ओशाळला नाही.
"लेकी लिहीत न्हाईत, ताई.
लेक दुसऱ्याच्या पानावर जाती."
तिथं लिहिता?
पेनाला टोपण लावत म्हणाला,
"तितं बी न्हाई."

उदगीरला परतले. रविवारी जब्बारभाईकडून
कोंबडीची नुसती पाठ आणली.
उकडली, जुन्या दातांच्या ब्रशने साफ केली,
आणि खुब्याचं हाड खिडकीशी धरलं.
मांडीचं हाड बसतं ती वाटी:
तिला तळच नाही.
आरपार भोक, त्यातून समोरच्या कुंपणावरचा सरडा दिसत होता,
मान हलवणारा, हो हो म्हणणारा.
त्याच्या वाटीला तळ आहे.

हे भोक डायनासोरांच्या घरातलं.
जशी आमच्या घरातली चिकटलेली कानाची पाळी,
जी ग्यानबाला होती, चंद्रभागेला होती
आणि मुखेडमधल्या तिच्या नातीला आहे,
तिला आमचं आडनाव ठाऊक नसलं तरी.

दांडगं असणं म्हणजे नातं नव्हे.
ते कातडी पंखांचे, आभाळ झाकणारे, डायनासोर नव्हते,
चुलत होते.
समुद्रातले माशासारखे तर फारच लांबचे.
खवले आहेत, पोट जमिनीला लागतं,
ही झाली चालचलणूक.
नातं एवढंच विचारतं:
तुमचा दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज कोण?
त्या हिशोबाने नाथसागरातली मगर
पालीपेक्षा कोंबडीला जवळची.
आणि पक्षी वगळून जो सरपटणाऱ्यांचा वर्ग उरतो
तो वर्ग नव्हे, ती शिवलिंगप्पाची चोपडी:
एका मुळाची सगळी लेकरं,
उडून गेलेली तेवढी सोडून.

आमच्या बाजूला हाडं निघत नाहीत.
विहीर खणा, काळा दगड. आणखी खणा, काळाच दगड.
ती सगळी मोठी मंडळी संपत आली तेव्हा
इथे लाव्हा वाहत होता, थरावर थर,
नाव लिहायला पानच कोरं राहिलं नाही.
तरी कुठेतरी, कोणीतरी लहानसं,
पिसांचं, बिनतळाच्या खुब्याचं,
त्यातून निघालं.
पहाटे चारला ते अजून आरवतं,
आणि गल्लीतलं कोणीतरी चप्पल फेकून मारतं.

सोमवारी हाड वर्गात फिरवलं.
अर्शियाने भोकातून माझ्याकडे पाहिलं.
"मॅडम, म्हणजे काल आमच्यात डायनासोर शिजला?"
रस्सा की सुक्कं?
"सुक्कं."
तरी डायनासोरच.
वर्ग हसला. ती नाही.
"मग पेपरात काय लिहायचं?"

दोन गुणांचा प्रश्न होता.
पुस्तकातलं लिही, म्हटलं,
पण मधली रेघ
पेन्सिलीने मार.